आगीवर चालणारा फ्रीज आणि चाकांवरचं घर

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना यलोस्टोनच्या किंवा ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर एक गाडी हमखास दिसते. बसएवढी लांब, छपरावर एसीचं खोकं, मागे बांधलेल्या सायकली आणि स्टिअरिंगमागे बहुतेक वेळा साठी ओलांडलेलं कुणीतरी. हे मोटारहोम. बोलताना तिकडे सगळे आरव्ही म्हणतात. आपली मराठी मंडळीही सुट्टीत आठवडाभर अशी गाडी भाड्याने घेऊन हिंडतात, आणि परत आल्यावर महिनाभर तिच्याच गोष्टी सांगतात. पण मला सांगायचं आहे ते वेगळ्याच माणसांबद्दल. वीस, तीस, क्वचित पन्नास वर्षांचं जुनं मोटारहोम विकत घ्यायचं, आतून सगळं उचकटून काढायचं, नव्याने बांधायचं आणि मग त्यातच कायमचं राहायचं, असं ठरवणारी ही माणसं.

या गाड्यांचं मला फार आकर्षण आहे. फ्लॅटमध्ये आयुष्य गेलं तरी आपलं घर नेमकं कशावर चालतं हे आपल्याला ठाऊक नसतं. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, सांडपाणी भिंतीतल्या पाइपातून कुठेतरी जातं, वीज येते, गॅस येतो. मोटारहोममध्ये हे सगळं २५-३० फुटांत कोंबलेलं असतं आणि प्रत्येक गोष्टीपर्यंत हात पोचतो. शिवाय ते सगळं ताशी १०० किलोमीटरने पळतं!

या गाड्यांचा जन्म समजून घ्यायचा तर आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या छोट्या गावात जावं लागतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथली शेतीवर चालणारी बाजारपेठ मंदावली होती. गावातल्या व्यापाऱ्यांनी खटपट करून १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला ट्रेलरचा कारखाना काढायला राजी केलं. तो लवकरच अडचणीत आला आणि जॉन के. हॅन्सन या स्थानिक फर्निचर व्यापाऱ्याने सूत्रं हाती घेतली. तालुक्यासारखा तिथला जो विभाग, त्याचं नाव कारखान्याला मिळालं : विनेबागो. १९६६ मध्ये त्यांनी पहिलं मोटारहोम बाहेर काढलं. त्याआधीही मोटारहोम होती, पण ती कारागिरांनी एकेक करून घडवलेली, श्रीमंतांची चैन होती. विनेबागोने ती कारखान्याच्या पट्ट्यावर आणली आणि इतरांच्या जवळपास निम्म्या किमतीत विकली. भिंत बनवण्याची त्यांची रीत साधी होती. बाहेर पातळ पत्रा, मध्ये फोम, आत प्लायवुडचा पातळ थर, आणि हे सगळं एकत्र चिकटवून दाबलेलं. हलकी, ताठ आणि स्वस्त भिंत. हीच कल्पना पुढे जवळपास सगळ्या धंद्याने उचलली आणि जुन्या मोटारहोमचं सगळ्यांत मोठं दुखणंही याच भिंतीत जन्माला आलं.

१९७३ मध्ये जनरल मोटर्सने काढलेल्या जीएमसी मोटारहोमबद्दल मला थांबून बोलायलाच हवं. बाकीचे उत्पादक ट्रकची चासी विकत घेऊन तिच्यावर घर बसवत. ट्रकचं इंजिन पुढे, चालणारी चाकं मागे. मध्ये फिरणारा दांडा घराच्या जमिनीखालून जातो, म्हणून जमीन उंच ठेवावी लागते. जीएमसीच्या अभियंत्यांनी ओल्ड्समोबील टोरोनाडो या मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतलं, जे पुढचीच चाकं फिरवत होतं. साडेसात लिटरचं इंजिन, त्याच्या कुशीत उलटा फिरवून बसवलेला गिअरबॉक्स आणि दोघांना जोडणारी एक रुंद साखळी. दांडाच नाही म्हटल्यावर जमीन खाली आली. मागे आडवा ॲक्सलही ठेवला नाही. दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये हवेने भरलेल्या पिशव्या. मुक्कामाला पोचलं की पिशव्यांतली हवा कमीजास्त करून गाडी सपाट उभी करता येई. १९७८ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत १२,९२१ गाड्या बनल्या. ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासच्या या शरीराला गंज लागत नाही, म्हणून त्यांतल्या बऱ्याच आजही धावतात आणि त्यांचे सुटे भाग अजून मिळतात.

आता विकत घेण्याकडे येऊ. जुनं मोटारहोम म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन वेगळी यंत्रं असतात, एक वाहन आणि एक घर, आणि दोघांचं वय वेगळ्या गतीने वाढतं. बहुतेक मालक वर्षातले थोडे आठवडे गाडी वापरतात, बाकी वर्षभर ती अंगणात उभी असते. त्यामुळे तीस वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ५०-६० हजार मैल दिसले तर त्यात नवल नाही. इंजिनाच्या हिशेबाने ती तरुण असते. पण उभं राहण्याचीही झीज असते. टायरची नक्षी कोरी दिसते आणि रबर मात्र आतून वाळलेलं असतं. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे वाचायचे : २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर संशयाने पाहायचा, दहापुढचा बदलायचाच, नक्षी कितीही सुंदर असो.

छोट्या गाड्यांत १९८०च्या दशकातली टोयोटाची मोटारहोम आजही लोक शोधत असतात. २.४ लिटरचं चार सिलिंडरचं दणकट इंजिन, मोठ्या मोटारहोमच्या मानाने दुप्पट मायलेज. पण तिच्यात एक मेख आहे. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना पिकअपचाच मागचा ॲक्सल होता. घराच्या वजनाला तो पुरा पडत नव्हता, तो तुटून चाकं निखळल्याचे प्रकार झाले आणि पुढे तो बदलून देण्याची मोहीम निघाली. म्हणून जाणकार आधी वाकतो आणि मागच्या चाकाचे बोल्ट मोजतो. पाच असतील तर नकार, सहा असतील तर पुढची बोलणी.

पण घर मारतं ते पाणी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो होतो, कारण मला वाटे की जुन्या गाडीत इंजिनाची धास्ती असायला हवी. विचार केला की पटतं. आपल्या इमारतीचं छप्पर एका जागी असतं. मोटारहोमचं छप्पर धावताना सतत हलतं, पिळवटतं. वर ऊन. आठ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा रात्रीच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापला तर सुमारे सात मिलिमीटर वाढतो, आणि रात्री पुन्हा आखडतो. खालचं लाकूड त्याच्या बरोबरीने वाढत नाही. हे हजारो दिवस चालतं. मग जिथे जिथे छपराला भोक आहे, म्हणजे झडप, एसी, टाकीचा वायुनळ, ॲन्टेना, शिडीचे स्क्रू, तिथलं सीलंट भेगाळतं. एका स्क्रूच्या बाजूने दर पावसात चमचाभर पाणी उतरतं आणि भिंतीच्या आत, प्लायवुड आणि फोमच्या मध्ये बसतं. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकूड कुजतं, गोंद सुटतो आणि बाहेरचा पत्रा किंवा फायबरग्लास पुरीसारखा फुगतो. फुगा दिसला तोवर आतली कूज बरीच पुढे गेलेली असते.

म्हणून पारखी माणूस गाडीत शिरल्यावर आधी वास घेतो. नंतर खिडक्यांखालची भिंत अंगठ्याने दाबत फिरतो. कोरडी भिंत दाबाला उलट उत्तर देते. ओली भिंत अंगठा आत घेते. जिथे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेला असतो, त्या गाड्यांत तो पलंगावर चढतो, गादी उचलतो आणि पुढचे दोन कोपरे चाचपतो, कारण समोरून येणारा पाऊस आधी तिथेच घुसतो. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात तपकिरी ओघळ आहे का, ते टॉर्च लावून पाहतो. छताला नुकताच पांढराशुभ्र रंग मारलेला दिसला तर त्याला आनंद होत नाही, त्याला प्रश्न पडतो. ओल मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते सोबत असलं तर उत्तम. छपरावर कुणी साधं सिलिकॉन फासलं असेल तर समजायचं की काम वाढलं. त्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. सगळं खरवडून काढावं लागतं, आणि मगच नवी ब्यूटाइल पट्टी आणि छपराचं खास सीलंट लावता येतं.

पाणी आतूनही येतं. ८०च्या दशकातल्या आणि ९०च्या सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत राखाडी रंगाचे पॉलिब्यूटिलीनचे नळ आहेत. पाण्यातल्या क्लोरीनने ते वर्षानुवर्षांत ठिसूळ होतात आणि एके दिवशी सांध्यावर फुटतात. ते दिसले की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सगळे काढून पेक्स प्लास्टिकचे बसवायचे. आणि आणखी एक वाट आहे, जी कुणाच्या ध्यानीमनी नसते. शेगडीवर प्रोपेन जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी होतो. हिशेब मांडला तर एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. ज्वालेतून पाणी! वाफेच्या रूपात ते खोलीभर पसरतं आणि थंड काचेवर, थंड भिंतीवर थेंब होऊन बसतं. त्यात दोन माणसांचा रात्रभराचा श्वास मिळवा. कायम राहणाऱ्यांच्या गाडीत गादीखाली बुरशी धरते ती यामुळे. उपाय साधा आहे : स्वयंपाक करताना छतातला पंखा लावायचा, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, गादीखाली हवा खेळू द्यायची. छतातल्या पंख्याचं भोक अमेरिकेत १४ इंच बाय १४ इंच असं ठरूनच गेलं आहे, त्यामुळे ४० वर्षांच्या गाडीत आजचा पंखा कापाकापी न करता बसतो. कुणीतरी वेळेवर एक माप ठरवून ठेवलं की पुढच्या पिढ्यांचं किती काम वाचतं!

प्रोपेनवरच चालणारा फ्रीज हे मला मोटारहोममधलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. त्याच्या पाठीमागे एक ज्वाला जळत असते आणि पुढे बर्फ होत असतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली आणि नंतर इलेक्ट्रोलक्सने ती घराघरांत नेली. बंद पोलादी नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. ज्वाला पाण्यातला अमोनिया उकळून बाहेर काढते. तो वर जाऊन थंड होतो, द्रव होतो, आणि खाली हायड्रोजनने भरलेल्या भागात उतरतो. तिथे अमोनियाच्या वाट्याचा दाब एकदम कमी असतो, त्यामुळे त्याची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रीजच्या पोटातून ओढून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि चक्र सुरू राहतं. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही हलत्या भागाशिवायच्या फ्रीजवर काम केलं होतं आणि १९३० मध्ये त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं.

या फ्रीजला एकच गोष्ट हवी असते : गाडी सपाट उभी असणं. आतला द्रव केवळ आपल्या वजनाने उतारावरून वाहतो. गाडी तिरकी उभी राहिली की तो एका वळणात साचतो, ज्वालेवरची नळी कोरडी पडून भाजते आणि फ्रीज कायमचा जातो. जुनी गाडी घेताना बाहेरून फ्रीजमागची जाळी उघडायची आणि नळ्यांकडे नीट पाहायचं. आत गंज धरू नये म्हणून द्रवात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. नळीवर पिवळी पूड किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला तर तो फ्रीज संपला, असं समजून किंमत बोलायची. हल्ली नूतनीकरण करणारे बरेच जण तो काढून १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज बसवतात. सौर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यापासून ते शहाणपणाचंही आहे. मात्र लिथियम बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करायची नसते, म्हणून ती घराच्या आत, उबेत ठेवायची.

विजेचं बाकी फार गुंतागुंतीचं नाही. कॅम्पग्राउंडवरची ३० ॲम्पिअरची जोडणी १२० व्होल्टने ३,६०० वॉट देते; एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणारा गीझर एकदम लावला की ट्रिप झालीच. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

वजनाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या चुकीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. प्रत्येक मोटारहोमवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. ब्रेक, टायर, ॲक्सल सगळे त्या आकड्याला बांधलेले. कारखान्याने आतली कपाटं पातळ प्लायची आणि कागदी लेपाची केली, याला आपण हलका माल म्हणून नावं ठेवतो. पण एकेक किलो वाचवण्यासाठी ते केलेलं असतं. नूतनीकरणाच्या उत्साहात तिथे जाड लाकडाची कपाटं, दगडी ओटा, फरशा बसवल्या की २०० किलो कधी वाढतात कळत नाही. वर २०० लिटर पाणी भरलं की आणखी २०० किलो. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. काम सुरू करण्याआधी एकदा, अर्धं झाल्यावर एकदा आणि सामान भरून एकदा गाडी त्यावर चढवावी. डावी-उजवी बाजू समतोल आहे का तेही पाहावं. पाण्याची टाकी एका कडेला आणि त्याच कडेला नवा ओटा, असं झालं तर वळणावर गाडी त्याची आठवण करून देते.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. संडासाची काळी, मोरीची राखाडी. रिकामं करायच्या जागेला डंप स्टेशन म्हणतात. तिथे आधी काळी सोडायची, मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. एका जागी मुक्काम असताना काळ्या टाकीची झडप उघडी ठेवणं ही नव्यांची ठरलेली चूक. पाणी निघून जातं, घट्ट भाग तळाशी साचतो आणि पुढे दगड होतो. किळस वाटेल, पण आठवड्याभरात आपण किती पाणी वापरतो आणि किती घाण करतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस बदलतो. भांडी घासताना नळ सोडून ठेवणं आपोआप बंद होतं.

गाडी तयार झाली तरी ती कुठे उभी करायची हा प्रश्न उरतोच. पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे वाळवंटी गाव हिवाळ्यात अशा हजारो गाड्यांनी भरून जातं. उलट बऱ्याच खासगी पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. जुनं मोटारहोम घेणाऱ्याने हे आधी विचारून ठेवावं. पत्त्याचं काय? लायसन्स, विमा, टपाल यांना पत्ता लागतोच. साउथ डकोटामध्ये एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालपेटीचा पत्ता दाखवून लायसन्स काढता येतं. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज नावाचा क्लब आहे, १९७८ मध्ये सुरू झालेला. तो सदस्यांचं टपाल ते असतील तिथे पाठवतो, आणि गाडी चालवणं जमेनासं झालेल्या वृद्ध सदस्यांसाठी तिथे दिवसभराची देखभालही आहे.

ही देखभाल मला मुद्दाम सांगावीशी वाटली. चाकांवर राहणाऱ्यांत हौशी लोक आहेत, तसेच घरभाडं परवडत नाही म्हणून आलेलेही खूप आहेत. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात २००८ च्या मंदीनंतर घर गमावून रस्त्यावर आलेल्या ज्येष्ठांचं जग आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. अशा माणसाच्या हातात दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा पैसे नसतात. त्याला गाडीची पारख नीट यायलाच हवी, कारण भिंत कुजली तर त्याचं घर जातं.

तिकडे राहणाऱ्या एखाद्या वाचकाच्या मनात हे असेल तर माझं मत स्पष्ट आहे. इंजिन थकलेलं, सोफे फाटलेले, फ्रीज मेलेला आणि भिंती कोरड्या असतील, तर गाडी घ्या. या सगळ्याला पैसे लागतात, पण उपाय आहे. इंजिन गोड चालतंय, आतून नवीकोरी सजावट आहे आणि खिडकीखाली अंगठा आत जातोय, तर मालकाला नमस्कार करून निघा. विक्रेत्याने बोलावलं तरी उन्हाच्या दिवशी पाहायला जाऊ नका. चांगला जोरदार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा, टॉर्च घेऊन जा, आणि आधी शिडीने छपरावर चढा.